मोटारीच्या झडपांची वेळ

लोहाराच्या भात्याला एक लहानशी चामड्याची झडप असते. भाता उघडतांना ती हवा आंत घेते व दाबतांना मिटते. ती झडप क्षणभर जरी उशिरां मिटूं लागली, तरी लोहारानें कितीहि जोर लावला तरी विस्तव फुलत नाहीं. कारण आंत घेतलेली हवा आल्या वाटेनें परत जाते. मोटारीच्या एंजिनाचें असेंच आहे. फरक इतकाच, कीं भात्याची झडप हवेच्या जोरानें आपोआप हालते, आणि एंजिनाच्या झडपा एका फिरत्या दांड्याच्या हुकमानें हालतात. या दांड्याला कॅमशाफ्ट म्हणतात. त्याच्यावरील अंडाकृति उंचवटा फिरत झडपेवर आला म्हणजे झडप उघडते. तो पुढें सरकला म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें ती मिटते.

सिलिंडरमधील दट्ट्या, ज्याला कारागीर पिस्टन म्हणतात, एकदां खालीं जातांना पेट्रोलमिश्रित हवा ओढतो व वर येतांना ती दाबतो. मग ठिणगी पडून तो खालीं ढकलला जातो, आणि पुन्हां वर येतांना जळका धूर बाहेर घालवितो. एवढ्या कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, पण प्रत्येक झडपेला एकदांच उघडावयाचें असतें. म्हणून कॅमशाफ्ट निम्म्या गतीनें फिरवितात. यावरून कॅमशाफ्ट बसवितांना एका अंशाची चूक झाली, तर क्रँकशाफ्टच्या हिशेबीं ती दोन अंशांची होते, हें श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें.

जुन्या मोटारींपैकीं जॅग्वार गाड्यांचें एक्सके एंजिन या विषयाचें उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धांत कॉव्हेंट्री येथील कारखान्यावर आगीचा पहारा करतांना विल्यम लायन्स व त्यांचे एंजिनियर हेन्स, हॅसन आणि बेली यांनीं त्याच्या योजनेचा खल केला. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत एक्सके १२० या गाडीबरोबर तें लोकांपुढें आलें, व १९९२ पर्यंत तयार होत राहिलें. त्याच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट असतात: एक हवा घेणाऱ्या झडपांचा, दुसरा धूर सोडणाऱ्या झडपांचा. १९६१ सालीं निघालेल्या ई-टाइप गाडीच्या ३.८ लिटर एंजिनांत हवेची झडप दट्ट्या वरच्या टोकास पोहोंचण्यापूर्वीं १५ अंश उघडते, आणि तो खालचें टोक सोडून ५७ अंश गेल्यावर मिटते. वेगानें येणारी हवा एकदम थांबत नाहीं. तिच्या त्या ओघाचा फायदा घेण्यासाठीं झडप अशी उशिरां मिटवितात.

मग हा मेळ बिघडतो कसा? क्रँकशाफ्टची गति दोन साखळ्यांच्या द्वारें वर पोहोंचते. साखळ्या झिजून लांबल्या, कीं कॅमशाफ्ट मागें रेंगाळूं लागतात आणि एंजिनाचा जोर घटतो. सुदैवानें यासाठीं एंजिन गाडींतून उतरवावें लागत नाहीं. बॉनेट उघडून माथ्यावरील दोन झांकणें काढलीं, कीं दोन्ही कॅमशाफ्ट व वरची साखळी डोळ्यांपुढें येतात. प्रथम साखळीच्या पोकळींत स्वच्छ फडकें कोंबावें. एखादा बोल्ट आंत पडला, तर सोपें काम फार अवघड होऊन बसतें. त्यानंतर झडपांची फट तपासावी: हवेच्या झडपांस इंचाचे ४ सहस्रांश, धुराच्या झडपांस ६. फट चुकली, तर झडपेची वेळ बरोबर लागणेंच शक्य नाहीं.

मग स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट त्याच्या नेहमींच्या दिशेनें हळूहळू फिरवावा, आणि सर्वांत पुढचा दट्ट्या, दोन्ही झडपा मिटलेल्या असतांना, वरच्या टोकाला आणावा. जॅग्वारची मोजणी मागून सुरू होते, म्हणून पुढच्या सिलिंडरचा क्रमांक ६ आहे. वरच्या टोकाजवळ दट्ट्या कांहीं अंशांपर्यंत हालत नाहींसाच दिसतो. त्यामुळें नुसत्या अंदाजानें फसगत होते. प्लगच्या भोंकांतून मापकाचा कांटा सोडून टोकाच्या अलीकडे व पलीकडे सारख्याच उंचीच्या दोन खुणा घ्याव्या; त्यांचा मध्य हेंच खरें टोक.

आतां वरच्या साखळीचा ताण आधीं लावावा, कारण तो मागाहून बदलल्यास वेळहि बदलते. साखळी ताठ नसावी. चाकांखालीं दोन्ही बाहेरच्या बाजूंस ती किंचित् लवली पाहिजे. मग प्रत्येक कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाजवळील खांचेंत कारखान्याचें गेज बसवावें. गेज खांचेंत नीट बसून माथ्याच्या सपाटीला टेकलें, तर वेळ बरोबर आहे. न टेकल्यास दांत्यांच्या चाकाचे दोन बोल्ट काढून चाक कॅमशाफ्टवरून सरकवून त्याच्या आधारावर ठेवावें, आणि गेज बसेल इतकाच कॅमशाफ्ट हालवावा.

सर्वांत मोठा धोका येथेंच आहे. चाक सुटलेलें असतांना कॅमशाफ्ट किंवा क्रँकशाफ्ट मनास येईल तसा फिरविला, तर उघडी झडप दट्ट्यावर आदळते, किंवा दोन झडपा एकमेकींवर आपटतात. वांकलेली झडप बदलण्यासाठीं सबंध माथा उतरवावा लागतो. तासाभराची घाई अशी महिन्याच्या कामाला कारण होते.

गेज बसल्यावर चाकाची भोंकें कॅमशाफ्टच्या भोंकांशीं क्वचितच जुळतात. त्यासाठीं चाकाच्या मध्यें बारीक दांत्यांची एक चकती असते. ती पुढें ओढून दांत्यांतून सोडवावी, भोंकें तंतोतंत जुळेपर्यंत फिरवावी व पुन्हां गुंतवावी. तरीहि न जुळल्यास चकती अर्धा फेरा फिरवून पाहावी. तिची रचनाच अशी आहे, कीं त्यामुळें जुळणी सोपी होते. बोल्ट जोरानें ओढून भोंकें जुळविणें ही मात्र शुद्ध फसवणूक होय. त्या ओढीनें कॅमशाफ्टच जागचा हालतो आणि केलेलें माप व्यर्थ जातें.

शेवटीं बोल्ट घट्ट करून त्यांना अटकाव घालावा, गेज काढावें, आणि क्रँकशाफ्ट हातानें दोन पूर्ण फेरे फिरवून पुन्हां गेज लावून पाहावें. फिरवितांना कोठेंहि अडथळा जाणवला, तर तेथेंच थांबावें. जोर करूं नये.  अशा एंजिनाचें आयुष्य कारागिराच्या बळापेक्षां त्याच्या मोजमापावर व थांबण्याच्या संवयीवर अवलंबून आहे.