प्रशिक्षण झाले, पण उपयोग किती झाला?

बदलापूर, प्रतिनिधी – मांजर्लीसह बदलापूर-अंबरनाथ परिसरातील अनेक कुटुंबांची चूल औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांवर पेटते. रासायनिक कारखान्यांत सुरक्षा प्रशिक्षण होते, हजेरीपत्रकावर सह्या होतात, छायाचित्रेही निघतात. मात्र, वायुगळती झाल्यास कामगार नेमके काय करील, हे त्या सह्यांवरून कळत नाही. शेजारच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनी अशा अज्ञानाची जोखीम किती मोठी आहे, हे दाखवून दिले.

भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन सुरक्षा प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क ठरला. हा हक्क खरोखर पदरात पडला का, हे मोजल्याखेरीज समजत नाही. अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये त्यासाठी चार पायऱ्या मांडल्या : प्रशिक्षण आवडले का, त्यातून काय शिकले, कामाची पद्धत बदलली का आणि अंतिम परिणाम काय झाला. पहिली पायरी सोपी असल्याने मोजणी बरेचदा तेथेच थांबते.

विरोध कशासाठी?

गुण कमी पडले तर कंत्राट जाईल, ही कामगाराची धास्ती असते. प्रशिक्षकाला आपलीच परीक्षा होत असल्याचे वाटते, तर पर्यवेक्षकाला उत्पादनाचा वेळ वाया जाण्याची चिंता. प्रमाणपत्र हाती असताना उणिवा कागदावर कशाला आणायच्या, असा व्यवस्थापनाचा विचार असतो. यांपैकी कोणतीही भीती निराधार नाही. म्हणूनच ती केवळ परिपत्रकाने दूर होत नाही.

मार्ग कोणता?

पहिली मोजणी निनावी असावी. निकालाचा संबंध वेतनवाढ वा कंत्राटाशी जोडला जाणार नाही, अशी लेखी हमी कामगार प्रतिनिधींसमोर द्यावी. लेखी परीक्षेऐवजी प्रत्यक्ष कृती पाहावी. समजा, श्वसन उपकरण बिनचूक चढविणारे कामगार प्रशिक्षणापूर्वी दहापैकी ३, नंतर ९ आणि तीन महिन्यांनी ४ आढळले. तर शिकवणे योग्य होते, सराव तुटला, असा निष्कर्ष निघतो. दोष कामगाराचा ठरत नाही आणि प्रशिक्षकाचाही नाही. केवळ अपघातांच्या संख्येवर विसंबणेही धोक्याचे; आकडा कमी दाखविण्यासाठी किरकोळ अपघात दडपले जाऊ शकतात.

मोजणीनंतर सरावाचे वेळापत्रक बदललेले कामगाराला दिसले, तरच पुढच्या मोजणीला तो विश्वासाने उभा राहील.