एमआरआयची सीडी किती वर्षे टिकते?

सीटी स्कॅन, एमआरआय किंवा अँजिओग्राफी झाली की रुग्णाच्या हाती एक मोठे पाकीट येते. त्यात टाइप केलेला रिपोर्ट, बहुधा काही फिल्म आणि कागदी वेष्टनातली एक सीडी असते. रिपोर्ट फाइलला लावला जातो, फिल्म दुमडू नयेत म्हणून गादीखाली ठेवल्या जातात आणि सीडी कपाटात कुठेतरी जाऊन पडते. पाच-सात वर्षांनी दुसरे डॉक्टर विचारतात, ‘‘आधीचा स्कॅन आहे का?’’ सीडी शोधून आणली जाते, संगणकात घातली जाते, घरघर करत फिरत राहते. पण चित्र काही उमटत नाही.

जुन्या सीडीची गरज पडते ती तुलनेसाठी. समजा, सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसात ८ मिलिमीटरची घन गाठ दिसली. ती पूर्वीपासून आहे की नवी? दोन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये ती तेवढीच असेल, तर ती बहुधा निरुपद्रवी ठरते. जुना स्कॅन नसेल, तर काही महिन्यांनी पुन्हा सीटी किंवा कधी सुईने तुकडा काढून तपासणी करावी लागते. छातीच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण ६ ते ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार शरीराला मिळतो; छातीच्या साध्या एक्स-रेमध्ये सुमारे ०.१. म्हणजे टाळता येणारा प्रत्येक सीटी टाळलेला बरा.

अँजिओग्राफीचे तर आणखी वेगळे. ती हलती चित्रफीत असते; रक्तवाहिनीत औषध कसे पुढे सरकते, कुठे अडते, हे कागदावर उतरत नाही. बायपास झालेल्या रुग्णाला दहा वर्षांनी पुन्हा छातीत दुखू लागले, तर कोणती नवी वाहिनी कुठे जोडली आहे हे आधी कळल्यास पुढची तपासणी कमी वेळात आणि कमी औषधात होते. मूत्रपिंड कमकुवत असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे.

‘रुग्णालयाकडे असेलच की’ हा समज नेहमी खरा ठरत नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यानंतर त्या मिळतीलच याची खात्री नाही. अनेकदा घरातली ती सीडी हीच एकमेव प्रत उरते.

सीडीच्या पोटात काय असते?

दुकानात मिळणारी गाण्यांची सीडी आणि रुग्णालयात तयार होणारी सीडी दिसायला सारख्या, पण घडण वेगळी. गाण्यांच्या सीडीवर कारखान्यात साच्याने सूक्ष्म खड्डे उमटवलेले असतात. कोऱ्या सीडीत, म्हणजे सीडी-आरमध्ये, असे खड्डे नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा पातळ थर असतो. लिहिताना लेझर किरण हा थर ठिकठिकाणी तापवून त्याचे रूप बदलतो. वाचताना तेच डाग ओळखले जातात. म्हणजे आपला स्कॅन खरे तर रंगाच्या एका थरावर लिहिलेला असतो, आणि रंग म्हटला की तो ऊन, उष्णता व दमटपणा यांनी उतरायचाच.

या रंगाच्या मागे प्रकाश परतवणारा धातूचा थर असतो, बहुतेक वेळा चांदीचा किंवा तिच्या मिश्रधातूचा. त्यावर संरक्षक लेपाचा अगदी पातळ पापुद्रा आणि वर छापील बाजू. खालची चकचकीत बाजू सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटची असते. त्यामुळे लोकांच्या समजुतीच्या उलट, सीडीची नाजूक बाजू खालची नसून वरची, नाव लिहायची आहे. खालच्या बाजूचा बारीक ओरखडा बऱ्याचदा चालून जातो. वरून बॉलपेन दाबून लिहिले तर थेट धातूच्या थरालाच इजा होते. डीव्हीडीत माहितीचा थर दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने तिला हा धोका कमी.

कंपनी कोणती, रंग कोणता?

सीडी-आर जपानच्या तायो युदेन कंपनीने १९८८ मध्ये पुढे आणली. तिने वापरलेले रंगद्रव्य सायनिन कुळातले होते. मित्सुई या दुसऱ्या जपानी कंपनीने थॅलोसायनिन वापरले, तर मित्सुबिशी केमिकलने व्हर्बॅटिम या नावाने विकलेल्या सीड्यांत अ‍ॅझो. चांदीच्या थरावर अ‍ॅझो गडद निळे दिसते, सायनिन हिरवट-निळे आणि थॅलोसायनिन जवळजवळ बिनरंगी, किंचित हिरवट. पुढे तैवानच्या रायटेक आणि सीएमसी मॅग्नेटिक्स या कंपन्यांनी प्रचंड प्रमाणावर उत्पादन केले. आपल्याकडे मोझर बेअर या भारतीय कंपनीच्या सीड्या घरोघरी पोहोचल्या.

या तिन्ही रंगांत उन्हाला सर्वांत हळवे सायनिन. थॅलोसायनिन त्या मानाने चिवट. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीड्यांना तीव्र उष्णता, दमटपणा आणि प्रकाशात ठेवून पाहिले. त्यात थॅलोसायनिन रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रधातूचा थर असलेल्या सीड्या सर्वांत चांगल्या टिकल्या. सोने हवेतल्या गंधकयुक्त वायूंनी काळवंडत नाही, चांदी काळवंडते. घरातल्या चांदीच्या भांड्यांचा अनुभव इथेही लागू पडतो.

कॅनडातील कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने दिलेले अंदाज असे आहेत: थॅलोसायनिन आणि सोन्याचा थर असलेली सीडी-आर १०० वर्षांहून अधिक, थॅलोसायनिन व चांदीची ५० ते १०० वर्षे, सायनिन किंवा अ‍ॅझो व चांदीची २० ते ५० वर्षे. हे आकडे वाचून निश्चिंत होण्याचे कारण नाही. ते चांगल्या बनावटीच्या, नीट लिहिलेल्या आणि योग्य हवामानात ठेवलेल्या सीड्यांचे आहेत. मे महिन्यातला विदर्भ आणि जुलैमधले कोकण त्यात बसत नाही.

वेष्टनावरचे नाव आणि आतला माल

ग्राहक आणि रुग्णालयांचे खरेदी विभाग दोघेही फसतात ते इथे. वेष्टनावर छापलेले नाव हे अनेकदा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नव्हे. एकच नाव लावलेल्या दोन खेपांमधल्या सीड्या दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असू शकतात. प्रत्येक कोऱ्या सीडीवर कारखान्याचा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो आणि संगणकावरच्या काही मोफत प्रोग्रॅमनी तो वाचता येतो. पण तो साचा बनवणाऱ्याचा क्रमांक असतो. त्यावरून त्या खेपेचा दर्जा कळत नाही.

त्यात चांगल्या उत्पादकांची संख्याही घटत गेली. तायो युदेनने २०१५ अखेर हा व्यवसाय बंद केला. मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मित्सुबिशीने २०१९ मध्ये व्हर्बॅटिमचा व्यवसाय सीएमसीला विकला. त्यामुळे ‘अमुक कंपनीची सीडी घ्या’ हा पंधरा वर्षांपूर्वीचा सल्ला आज जसाच्या तसा उपयोगी नाही.

रुग्णाला तर तोही पर्याय नसतो. हजारो रुपयांची तपासणी ज्या सीडीवर लिहिली जाते, ती तपासणी केंद्राने शंभराच्या चळतीतून काढलेली असते. केंद्रांनी निदान दोन गोष्टी पाळायला हव्यात: सीडी सर्वाधिक वेगाने न लिहिता मध्यम वेगाने लिहावी, आणि लिहून झाल्यावर ती वाचून पडताळावी. यात दोन-चार मिनिटेच जास्त जातात.

लक्षणे नसलेला आजार

सीडी खराब होत असताना बाहेरून काही दिसत नाही. तिच्यात चुका दुरुस्त करण्याची सोय असते. काही ठिकाणची माहिती वाचता आली नाही, तरी शेजारच्या माहितीवरून ती भरून काढली जाते. चुका मर्यादेत असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ दिसते. मर्यादा ओलांडली की फाइल उघडतच नाही. रक्तदाबासारखेच हे. वर्षानुवर्षे काही जाणवत नाही आणि जाणवते तेव्हा इजा होऊन गेलेली असते. म्हणून ‘मागच्या वर्षी तर चालली होती’ याला अर्थ नाही.

मात्र न चाललेली प्रत्येक सीडी मेलेली नसते. पुष्कळदा सीडीवरचा चित्र दाखवणारा प्रोग्रॅम जुना असल्याने नव्या संगणकावर चालत नाही. चित्रे ‘डायकॉम’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या स्वरूपात असतात आणि दुसऱ्या प्रोग्रॅमने उघडता येतात. एका संगणकाने न वाचलेली सीडी दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली जाते, असेही होते. म्हणून टाकून देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी लावून पाहावी.

घरी काय करावे?

* सीडी मिळाल्याच्या आठवड्यातच तिची प्रत काढावी. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपना सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह चालतो. नसेल तर ओळखीच्या झेरॉक्स-संगणक दुकानात स्वतः समोर बसून करून घ्यावे.
* सीडीतले सगळे फोल्डर जसेच्या तसे उचलावेत. विचित्र नावांच्या फाइल वगळू नयेत. त्यांतच स्कॅन असतो. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो म्हणजे प्रत नव्हे. त्यावर मोजमाप करता येत नाही.
* प्रत दोन ठिकाणी ठेवावी, उदाहरणार्थ हार्ड डिस्क आणि इंटरनेटवरील साठवण. केवळ पेन ड्राइव्हवर विसंबू नये. फोल्डरला रुग्णाचे नाव, तपासणी आणि तारीख द्यावी.
* सीडीवर बॉलपेनने लिहू नये. स्टिकर लावू नये. लावलेला असेल तर ओढून काढू नये, त्यासोबत धातूचा थर निघून येतो. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने लिहावे.
* कडा धरून उचलावी. पुसायची असल्यास मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नव्हे.
* कडक डबीत, उभी, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी. खिडकी, गाडीचा डॅशबोर्ड आणि टीव्हीची मागची बाजू टाळावी.
* सीडीवर नाव, वय आणि आजाराची माहिती असते. टाकून देताना तिचे तुकडे करावेत.

कर्करोगाचे उपचार झालेले रुग्ण, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले रुग्ण, मेंदू आणि मणक्याच्या शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि नियमित मॅमोग्राफी करणाऱ्या महिला यांच्या घरात अशा सीड्या हमखास असतात. त्या सीड्या कोणत्या कंपनीच्या आहेत, हे शोधत बसण्यापेक्षा येत्या रविवारी त्या बाहेर काढून त्यांच्या प्रती करून ठेवणे अधिक उपयोगाचे आहे. पुढच्या भेटीत डॉक्टर आधीचा स्कॅन मागतील, तेव्हा तो दाखवता येईल.