दार आपोआप मिटलें पाहिजे

कोणत्याही संरक्षणाची खरी पारख तें शाबूत असतांना होत नाहीं. तें मोडतें त्या क्षणीं होते. आगगाडीच्या ब्रेकचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. जॉर्ज वेस्टिंगहाउस यानें १८६९ मध्यें काढलेल्या पहिल्या ब्रेकमध्यें एंजिनांतून नळीवाटे दाबलेली हवा सोडली म्हणजे डब्यांचे ब्रेक लागत. परंतु वाटेंत नळीच फुटली, तर सगळी गाडी ब्रेकवांचून धांवूं लागे. १८७२ च्या सुमारास त्यानें ही रचना उलटी केली. नळींत दाब असेपर्यंत ब्रेक सुटे राहावयाचे. नळी तुटली कीं ते आपण होऊन घट्ट बसावयाचे. बिघाड झाला तर गाडी थांबावी, मोकाट सुटूं नये, हें यांतील तत्त्व. इंटरनेटवरील गुप्ततेसाठीं आज घरोघर वापरल्या जाणाऱ्या व्हीपीएनलाही हेंच तत्त्व लागू आहे, आणि नेमका त्याचाच पुष्कळांस विसर पडतो.

व्हीपीएन म्हणजे आपल्या यंत्रापासून दूरच्या एका सर्व्हरपर्यंत कूटलेखनानें खणलेला बोगदा होय. घरीं बसून कचेरीचें काम करणारा मुलगा, दवाखान्यांतील रुग्णांचे कागद दुरून पाहणारी डॉक्टर सून, प्रवासांत स्टेशनावरील फुकट वायफायवर विसंबणारे काका, हे सर्व या बोगद्याचे वाटसरू. वाटेवरच्या माणसाला आपलें टपाल कोणाकडे चाललें हें कळत नाहीं. आणि ज्याला तें पोंचतें, त्याला आपला मूळ पत्ता न दिसतां त्या सर्व्हरचा दिसतो.

आतां हा बोगदा ढांसळला तर काय होतें? प्रत्येक यंत्रापाशीं मार्गांची एक यादी असते. बोगदा सुरू होतांच ‘सर्व टपाल या वाटेनें’ अशी नोंद तींत वर चढते. बोगदा कोसळला कीं ती नोंद पुसली जाते, आणि खालची जुनी नोंद, म्हणजे नेहमींचा उघडा रस्ता, पुन्हां अंमलांत येते. फोन घरच्या वायफायवरून मोबाईलच्या जाळ्यावर गेला किंवा लॅपटॉप झोपेंतून जागा झाला, तरी येवढें घडण्यास पुरतें. पडद्यावरील पान पूर्ववत् उघडतें. यंत्र आपलें काम चोख बजावीत असतें, म्हणूनच मालकाला संशय येत नाहीं.

येथें अतिशयोक्ति मात्र करूं नये. आजच्या बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर एचटीटीपीएसमुळें बोगद्यावांचूनही कूटच असतो. पत्र फुटत नाहीं. पाकिटावरील पत्ते तेवढे उघडे पडतात. परंतु कित्येक प्रसंगीं पत्ता हेंच सर्वस्व असतें. अमेरिकेंतील डेमोक्रॅटिक पक्षाचे चोरलेले कागद २०१६ मध्यें ‘गुसिफर २.०’ या टोपणनांवानें प्रसिद्ध झाले. ‘डेली बीस्ट’ या पत्रानें मार्च २०१८ मध्यें दिलेल्या वृत्ताप्रमाणें, त्या नांवामागील इसमानें एकदां व्हीपीएन सुरू न करतांच प्रवेश केला, आणि मॉस्कोचा पत्ता एका अमेरिकन कंपनीच्या नोंदवहींत उमटला. चोर सांपडला तर कोणास दुःख होणार नाहीं. पण छळणाऱ्या नवऱ्यापासून आपला ठावठिकाणा लपवून राहणाऱ्या स्त्रीच्या, किंवा वर्तमानपत्राला गैरव्यवहाराची माहिती पुरविणाऱ्या कारकुनाच्या वांट्यास असा एकच उघडा क्षण आला तर?

यावरील उपायास ‘किल स्विच’ म्हणतात; परंतु या एका नांवाखालीं दोन निराळ्या वस्तु वावरतात. एक प्रकार पाळत ठेवणाराचा: बोगदा तुटल्याचें दिसलें कीं तो ठराविक ॲप बंद करतो. पाहणें आणि बंद करणें यांच्या मध्यें थोडा वेळ जातोच, आणि तेवढ्यांत टपाल निसटूं शकतें. दुसरा प्रकार नियमाचा: यंत्राच्या फायरवॉलमध्यें आधींच लिहून ठेवावयाचें, कीं बोगद्याखेरीज आणि बोगदा उभारण्यासाठीं लागणाऱ्या सर्व्हरच्या पत्त्याखेरीज बाहेर कांहींही जाऊं द्यावयाचें नाहीं. बोगदा असो वा नसो, नियम कायम असतो. वेस्टिंगहाउसचा दुसरा ब्रेक तो हाच. निवड करतांना हाच घ्यावा. संगणकावरील कित्येक ॲपमध्यें ही सोय मुळांत बंद असते. सेटिंग्जमध्यें जाऊन ती चालू करावी लागते. अँड्रॉइड फोनांवर ८ व्या आवृत्तीपासून व्हीपीएनच्या सेटिंग्जमध्यें ‘ऑल्वेज-ऑन व्हीपीएन’ आणि ‘ब्लॉक कनेक्शन्स विदाउट व्हीपीएन’ अशीं दोन बटणें आढळतात. तीं दोन्ही चालू करावीं.

तथापि कोणत्याही बटणावर आंधळा विश्वास नको. प्रोटॉन कंपनीनें २०२० मध्यें दाखवून दिलें, कीं आयफोनच्या त्या वेळच्या प्रणालींत बोगद्यापूर्वीं जुळलेले कांहीं संबंध बोगद्याबाहेरच चालू राहत. मुलवाड कंपनीनें २०२२ मध्यें नमूद केलें, कीं वरील दोन्ही बटणें चालू असतांही अँड्रॉइड ‘जाळें जिवंत आहे ना’ हें पाहण्यासाठीं बाहेर विचारणा करतो.

म्हणून परीक्षा घरींच घ्यावी. स्वतः बटण दाबून व्हीपीएन बंद करणें ही परीक्षा नव्हे. कारण तेव्हां पुष्कळ ॲप पहारा मुद्दाम उठवितात. आपला आयपी पत्ता दाखविणारें एखादें पान उघडावें, वायफाय बंद करून मोबाईलचें जाळें धरावें, पुन्हां वायफायवर यावें, आणि तोंवर तें पान वारंवार ताजें करीत राहावें. पान अडून बसलें तर उत्तम. आपला खरा पत्ता एकदांही दिसला, तर बोगद्याला भोंक आहे असें समजावें.

राहतां राहिली घरांतील कुरकुर. पहारा कडक ठेवला कीं इंटरनेट मधूनमधून थांबतें, आणि ‘चालत नाहीं हें’ म्हणून कोणी तरी तें बटणच बंद करतो. बहुतेक घरीं पहारा असाच उठतो. तेव्हां ज्यानें ही व्यवस्था केली असेल, त्यानें घरांतील वडीलधाऱ्यांस व मुलांस एवढें समजावून ठेवावें, कीं पान थांबलें म्हणजे यंत्र बिघडलें नाहीं. बोगदा पुन्हां उभा राहीपर्यंत तें आपलें दार धरून बसलें आहे.