आपत्तीचे शिक्षण आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न

"अगं, आग लागली की बंब येतो. त्यासाठी एम. ए. कशाला करायला हवं?"

गेल्या दिवाळीत मी माझा पुढचा बेत घरी सांगितला तेव्हा बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी दुसरा विचारला, "आणि ती दोन वर्षं घरात काय येणार?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी त्याच रात्री दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात मात्र माझे चार महिने गेले. त्या शोधात जे हाती लागले ते माझ्या वर्गबंधुभगिनींच्याही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

प्रथम पहिला प्रश्न. आमची चाळ डिलाइल रोडला, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गाला लागून आहे. २०१७ साली मी सातवीत होते. त्या वर्षी २९ सप्टेंबरला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसे प्राणास मुकली. पावसामुळे लोक जिन्यातच थांबून राहिले होते, आणि गाड्या मात्र आणखी माणसे आणून सोडीत होत्या. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागली. त्यात १४ जण मरण पावले, आणि तेही मुख्यतः धुराने गुदमरून. त्या रात्री आमच्या चाळीचा सारा मजला गॅलरीत उभा होता. बंबांचे भोंगे आम्हांला ऐकू येत होते.

म्हणजे बंब आलाच होता. पण जिना किती रुंद हवा, एकाच वेळी किती गाड्यांची माणसे त्यावर येतात, गच्चीवरचे छप्पर पेट घेणारे आहे का, बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हे प्रश्न बंब येण्याच्या फार आधीचे आहेत. ते वेळेवर विचारणे, त्यांची उत्तरे मिळवणे आणि ती अमलात आणवून घेणे, यालाच आपत्ती व्यवस्थापन म्हणतात. आपत्तीच्या वेळची धावपळ हा त्याचा एक तृतीयांश भाग झाला. आधीची तयारी आणि नंतरचे पुनर्वसन हे उरलेले दोन भाग. तहान लागल्यावर विहीर खणायची नाही, एवढाच याचा साधा अर्थ.

महाराष्ट्राने हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून दमून झोपलेली माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर आपल्या राज्यात या विषयाचा पद्धतशीर विचार सुरू झाला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तर कुलाब्यास अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहरात, एकाच दिवशी एवढा फरक! त्याच वर्षीच्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन अधिनियम संमत झाला आणि राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तिन्ही पातळ्यांवर प्राधिकरणे स्थापण्याची तरतूद झाली.

या कामाला केवळ अभियंते व डॉक्टर पुरत नाहीत. पाणी कोणत्या गल्लीत आधी शिरते हे भूगोलाच्या विद्यार्थ्याने सांगायचे. धोकादायक इमारत सोडायला माणसे का तयार होत नाहीत, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने समजून घ्यायचे. घर गमावलेल्या मुलाशी काय बोलावे, हे मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने शिकायचे. तेव्हा हा विषय आपल्या कला शाखेचाही आहे, एवढे मी बाबांना पटवून दिले. ते म्हणाले, "बरं, चांगलं आहे. पण माझा दुसरा प्रश्न?"

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपल्या परळच्या इतिहासातील एक गोष्ट सांगते, कारण ती या विषयाशी निगडित आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्या संकटातून या शहराला दोन संस्था मिळाल्या. एक, डॉ. हाफकिन यांची प्लेग संशोधन प्रयोगशाळा. ती १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली, आणि आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो. दुसरी, १८९८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाट, अंधाऱ्या वस्त्या मोडून हवेशीर घरे बांधण्याचे काम तिच्याकडे होते. बी.आय.टी. चाळी त्या याच. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत असत. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. ती दरमहा साडेअकरा पौंड आणि तीन वर्षांसाठी होती. त्या बदल्यात शिक्षण संपल्यावर बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता.

या गोष्टीतील 'दरमहा' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. शिष्यवृत्ती म्हणजे फीमाफी, अशी आपली समजूत असते. परंतु शिकणाऱ्याला रोज जेवावे लागते, गाडीचा पास काढावा लागतो, आणि ज्या घरात त्याच्या कमाईची वाट पाहिली जाते तेथे काही तरी द्यावेही लागते. फी माफ झाली तरी ही गरज उरतेच. हे सूत्र हाती धरून मी आजच्या शिष्यवृत्त्या पाहू लागले.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. परदेशांत खास या विषयासाठी राखलेल्या शिष्यवृत्त्या आढळतात. उदाहरणार्थ, 'इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ इमर्जन्सी मॅनेजर्स' ही या क्षेत्रात काम करणाऱ्यांची संघटना आपल्या सभासदांकडून निधी गोळा करते, संमेलनात वस्तूंचे लिलाव करते आणि त्या पैशांतून विद्यार्थ्यांना साहाय्य देते. आपल्याकडे बहुतेकांना सर्वसाधारण शिष्यवृत्तीच्याच दारातून आत जावे लागते. ती दारे कोणती, ते सांगते.

पहिले दार शासनाचे. अनुसूचित जातींसाठीची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिच्यासाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. तीतून फी भागते आणि वर निर्वाहासाठी भत्ता मिळतो. हा भत्ता अभ्यासक्रम व वसतिगृह यांनुसार वर्षाला अडीच हजार ते साडेतेरा हजार रुपये इतका आहे. तो दरमहा नसून वर्षाचा आहे, हे पुन्हा एकदा वाचावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये आहे, पण नावाप्रमाणे ती शुल्काचीच आहे. या योजनांचे अर्ज 'महाडीबीटी' या संकेतस्थळावर भरावे लागतात. आपण निवडलेली संस्था आणि अभ्यासक्रम त्या यादीत आहेत की नाहीत, हे प्रवेश घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

दुसरे दार शिक्षणसंस्थांचे. मुंबईत या विषयाचे प्रमुख ठिकाण म्हणजे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था. तेथे जमशेटजी टाटांच्या नावाचा आपत्ती अध्ययनाचा स्वतंत्र विभाग असून दोन वर्षांचा एम. ए. अभ्यासक्रम आहे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला त्यासाठी अर्ज करता येतो. परंतु याच संस्थेत फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घातला होता. शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांना वसतिगृह व भोजन यांच्या शुल्कात मिळणारी सवलत काढून घेतल्याबद्दल त्यांची तक्रार होती. कोणाचे बरोबर, कोणाचे चूक, या वादात मी शिरत नाही. मूळ अडचण मात्र ध्यानात घेण्यासारखी आहे. खर्च जूनमध्ये सुरू होतो आणि शिष्यवृत्ती येते पुष्कळ नंतर. मधले महिने कोणाच्या खिशातून काढायचे?

तिसरे दार पदव्युत्तर शिक्षणानंतरचे. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. भूगोल, समाजशास्त्र किंवा समाजकार्य घेऊन ती मिळवावी आणि संशोधनाचा विषय पूर, दरड वा पुनर्वसन असा निवडावा. खऱ्या अर्थाने 'दरमहा' म्हणावी अशी ही शिष्यवृत्ती आहे, पण तिथवर पोहोचायला आधी दोन वर्षे काढावी लागतात.

चौथे दार परदेशी शिक्षणाचे. जे. एन. टाटा एन्डोमेंट ही संस्था १८९२ पासून उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आली आहे. तिच्या अगदी आरंभीच्या मानकऱ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर या मराठी विदुषी होत्या, हे आपल्याकडील मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या काही ठरावीक विषयसूत्रांवर दिल्या जातात, आणि संकटांना तोंड देण्याची क्षमता वाढवणे हे त्यांपैकी एक सूत्र आहे. चेव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी मात्र सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तेव्हा पदवीनंतर लगेच तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आता उरल्या मागच्या दाराच्या वाटा, आणि आपल्यापैकी पुष्कळांना त्याच सोयीच्या आहेत. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची आपत्ती व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून करता येते. अग्निशमन सेवेत जायचे असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात राज्याची अग्निशमन अकादमी आहे, आणि नागपूरला केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. महानगरपालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्था तर परळलाच, आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. 'आपदा मित्र' योजनेखाली स्वयंसेवकांना बारा दिवसांचे प्रशिक्षण, विमा व साहित्यसंच मिळतो. आता एनसीसी व एनएसएसच्या मुलांसाठी 'युवा आपदा मित्र' ही योजनाही आली आहे. यातून पैसे मिळत नाहीत, हे खरे. परंतु पुढे शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत "तुम्ही आजवर काय केले?" असे विचारतात, तेव्हा सांगण्यासारखे काही तरी हाती असते.

एक अनुभव सांगणे अवश्य आहे. प्रथम वर्षात असताना माझा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. कारण इतकेच की, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपली होती आणि मी तो जुनाच दाखला जोडला होता. नवा दाखला हाती येईपर्यंत अर्जाची मुदत टळली. त्या वर्षीची फी आईने शिलाईच्या पैशांतून भरली. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि त्याचेच मला अधिक वाईट वाटले. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की, दाखला एप्रिलमध्येच काढून घ्यावा, बँकेचे खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करावी आणि अर्जाची पावती जपून ठेवावी. निकालाची वाट पाहत बसू नये.

आता एक सूचना. मोठ्या शिष्यवृत्त्या देणे आपल्या महाविद्यालयाच्या आवाक्यातले नाही. पण जून ते शिष्यवृत्ती जमा होईपर्यंतचा काळ भरून काढणारा एक लहानसा फिरता निधी आपण खचित उभारू शकू. माजी विद्यार्थ्यांनी एकदाच यथाशक्ती रक्कम द्यावी. ज्या विद्यार्थ्याचा अर्ज मंजूर झाला आहे त्याने पावती दाखवून उचल घ्यावी आणि शिष्यवृत्ती येताच ती परत करावी. दोन प्राध्यापक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी एवढी समिती पुरेल. ही भिक्षा नव्हे, उसनवारी आहे, आणि उसनवारीवर तर आमच्या चाळीतले निम्मे संसार तरले. गिरण्यांचा १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा शेजारणी एकमेकींना वाटीभर साखर, दोन वाट्या तांदूळ देत असत, असे आजी सांगते. लिहून कोणी ठेवले नाही, पण बुडवलेही कोणी नाही.

लोअर परळमध्ये पाणी तुंबते, जुन्या चाळी खचतात, गिरण्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहतात आणि स्थानकांवरची गर्दी वाढतच जाते. या साऱ्याची माहिती नकाशा न पाहता ज्यांना आहे ती मुले येथेच राहतात. पण पदवी मिळताच त्यांना पहिली मिळेल ती नोकरी धरावी लागते, आणि जिने, गच्च्या व नाले यांचे निर्णय जेथे होतात त्या खोलीत ती कधी पोहोचत नाहीत. शिष्यवृत्तीचा खरा प्रश्न मला हा वाटतो.

बाबांना मी हिशेबाची वही दाखवली. एका पानावर दोन वर्षांचा खर्च आणि समोरच्या पानावर मिळू शकणारी मदत. दोन्ही पाने जुळत नाहीत. फरक राहतो, आणि तो सकाळच्या शिकवण्या घेऊन भरून काढावा असे मी ठरवले आहे. देवनारला प्रवेश मिळाला नाही, तर नोकरी धरून मुक्त विद्यापीठाची पदविका करीन. बाबा एका इमारतीत सुरक्षारक्षक आहेत. वही मिटून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या बिल्डिंगच्या मागच्या जिन्यात खोकी रचून ठेवलीत. उद्या साहेबांना सांगतो."

त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे पुरे उत्तर माझ्याजवळ अजून नाही. पहिल्याचे मात्र त्यांना पटले असावे.

(तृतीय वर्ष कला)