सांडपाण्यावर उतरलेले पक्षी

सॅन फ्रान्सिस्कोपासून उत्तरेला सुमारे ४५० किलोमीटरवर, हम्बोल्ट उपसागराच्या काठी, आर्केटा नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या ३०७ एकरांच्या पाणथळीत आजवर ३००हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. लोक दुर्बिणी घेऊन येतात, बांधांवरून फिरतात. आणि हे पक्षी ज्या पाण्यावर उतरतात, त्यातलं बरंचसं गावच्या मोऱ्या-संडासांतून आलेलं असतं!

१९७४ साली कॅलिफोर्नियाने उपसागरांत सांडपाणी सोडण्यावर कडक बंधनं आणली. मग आसपासच्या गावांसाठी एकच मोठं केंद्र बांधून पाणी लांब नळाने थेट महासागरात सोडायचं, अशी खर्चिक योजना पुढे आली. आर्केटाला ती पटेना. हम्बोल्ट विद्यापीठातले मत्स्यशास्त्रज्ञ जॉर्ज ॲलन तेव्हा सांडपाण्यात समुद्राचं पाणी मिसळून भरलेल्या तळ्यांत सामन माशांची पिल्लं वाढवत होते. जे पाणी माशांना पोसतं ते हम्बोल्टच्या खाडीला का नको, हा प्रश्न त्यातून उभा राहिला. अभियंते रॉबर्ट गिअरहार्ट यांनी १९७९पासून प्रायोगिक पाणथळी उभारून त्याचं उत्तर आकड्यांत मांडलं. १९८३मध्ये परवानगी मिळाली, १९८६मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू झाली. जागा कोणती? जुन्या लाकूड गिरण्यांची आणि बंद पडलेल्या कचरा डेपोची.

या पाण्याचा प्रवास मला विलक्षण वाटतो. आधी जाळ्यांत चिंध्या-प्लॅस्टिक अडकतं, मग टाक्यांत गाळ खाली बसतो. इथवर सगळं नेहमीचंच. पुढे पाणी उथळ, उघड्या तळ्यांत जातं आणि तिथे खरी देवघेव सुरू होते. जिवाणू पाण्यातली घाण खातात. त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. तो देतं शेवाळ, सूर्यप्रकाशावर. जिवाणू सोडतात तो कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन-फॉस्फरसचे क्षार हेच शेवाळाचं अन्न. हवा फुंकणाऱ्या यंत्रांचं बरंचसं काम इथे ऊन करतं.

पण आता पाणी हिरवंगार झालेलं असतं, आणि हे शेवाळ खाडीत गेलं तर तिथे कुजून पुन्हा प्राणवायू खाणार. त्यावरचा उपाय म्हणजे सावली! पुढच्या पाणथळीत पाणकणीस आणि लव्हाळ्यासारख्या उंच वनस्पती दाट वाढवल्या आहेत. त्यांच्या सावलीत शेवाळाला ऊन मिळत नाही. ते मरतं आणि संथ पाण्यात तळाशी बसतं. याच वनस्पतींच्या बुडालेल्या देठांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर चढलेला असतो. तो उरलीसुरली घाण पचवतो. तळाच्या प्राणवायू नसलेल्या चिखलात दुसरेच जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. पाणकणीस आपल्याकडच्या तळ्यांकाठीही उगवतं. ते नुसतं माजलेलं गवत आहे असं म्हणण्याआधी त्याची ही कामगिरी आठवावी.

सगळ्यात सुंदर अडचण त्यापुढची. मूळ रचनेत या पाण्याचं निर्जंतुकीकरण करून ते लोकांसाठी खुल्या असलेल्या पाणथळींत सोडत. तिथे पक्षी इतके जमले, की त्यांच्या विष्ठेतले जंतू पाण्यात पुन्हा मिसळत. म्हणून खाडीत सोडण्याआधी तेच पाणी दुसऱ्यांदा निर्जंतुक करावं लागे. सांडपाणी प्रकल्पाच्या यशाचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

ही पद्धत सगळीकडे चालणार नाही. तिला जागा लागते आणि वेळही लागतो. दाटीच्या महानगरात दोन्ही मिळणं अवघड. पण किनाऱ्यावरच्या ज्या लहान गावांजवळ पडीक सखल जमीन आहे, त्यांनी सिमेंटचा आराखडा मंजूर करण्याआधी आर्केटाचा अभ्यास जरूर करावा. त्यात एक गोष्ट मात्र आजच धरावी लागेल: आर्केटाची तळी खाडीलगत, मातीच्या बांधांआड आहेत, आणि समुद्राची पातळी वाढते आहे.