आधी डोळ्यांचं माप

पहाटे ५.१५

वाईतली भाड्याची खोली. दोन चार्जर, आठ बॅटऱ्या. प्रत्येक बॅटरी चार सेलची, ५५० एमएएचची, मुठीत मावणारी. सेल ४.२ व्होल्टला पोचला की भरला. भरलेल्या बॅटरीवर हिरवा रबर चढतो, वापरलेलीवर लाल. लग्नाच्या गडबडीत कुठली भरलेली हे विचारायला वेळ नसतो.

पायलट एकतीस वर्षांचा आहे. फोटोवाल्यांच्या टीममध्ये सगळे त्याला पायलटच म्हणतात. तो एफपीव्ही ड्रोन उडवतो. म्हणजे डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसेल तेच बघत, कमानीतून आत, खांबांमधून बाहेर जायचं.

स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तो ड्रोन बॅटरीसकट ठेवतो. २१४ ग्रॅम. ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो वर्गात येतो आणि नॅनोसाठी पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. एखादा सुटा भाग बदलला, तरी पुन्हा काट्यावर ठेवून बघतो. सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ पोर्टलवरचा हवाई नकाशा उघडतो. आजच्या लॉनवर हिरवा रंग आहे, म्हणजे उडवायला मोकळीक. मग चहा.

६.३०

हाताखालचा पोरगा मोटारसायकल घेऊन दारात. वय १९. जाड काचांचा चष्मा. दिवसाचे ८०० रुपये आणि लग्नातलं जेवण. त्यातून आणि ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरवर काम करून त्याने २८,००० रुपये साठवलेत. त्याला स्वतःचा गॉगल घ्यायचाय.

“दादा, कुठला घेऊ तेवढं सांगा. आज ऑर्डर टाकतो.”

“आज तीन घालून बघ. संध्याकाळी बोलू.”

पेटीत तीन गॉगल आहेत. एक जुना ॲनालॉग खोकं गॉगल, आत एकच मोठा पडदा आणि त्याच्यापुढे एक भिंग. दुसरा सडपातळ, ॲनालॉगच, पण प्रत्येक डोळ्याला वेगळा छोटा पडदा. तिसरा डिजिटल, डीजेआयचा गॉगल्स २. तो पायलटच्या रोजच्या कामाचा.

७.२०

लॉनवर मांडववाले अजून झालरी ठोकतायत. पायलट हात मागे बांधून सगळीकडे चालतो. ड्रोन ज्या वाटेने जाणार ती वाट आधी पायाखालून घालतो. विजेची तार कुठे, लाइटच्या माळा कुठे, पंखे कुठे. माळेची बारीक वायर गॉगलमध्ये दिसत नाही, म्हणून पोरगा तिला लाल रिबिनी बांधतो.

थेट प्रक्षेपणवाला स्टेजमागे राउटर लावतोय. पायलट त्याच्याकडे जातो. “भाऊ, पाच गिगाहर्ट्झवर आहे का? दोन पॉइंट चारवर घ्याल का?” गॉगलचं चित्र ५.८ गिगाहर्ट्झवर येतं. शेजारी दुसरा दणकट सिग्नल नको. भाऊ लगेच बदलतो.

८.५०

हळद. पाच मिनिटांची उड्डाणं, एकामागून एक. हे बघण्यासारखं आहे.

पायलट प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसतो. पाय जमिनीवर घट्ट. उभ्याने उडवलं तर ड्रोन कलला की अंगही कलतं, तोल जातो. गॉगल चढवला की समोरचं लग्न त्याच्यासाठी संपलं. शेजारी पोरगा उभा. त्याची नजर ड्रोनवरून हलत नाही आणि तोंड चालू असतं. “डावीकडून मावशी येतायत. थांबा. गेल्या. मोकळं.” पायलटला समोरचं दिसतं, पण बाजूचं आणि मागचं काही दिसत नाही. पोरगा नसेल त्या दिवशी तो उडवत नाही. माझ्या मते त्याच्या कामातली सगळ्यात चांगली सवय हीच.

ड्रोन गेटमधून आत येतो, हळदीच्या ताटावरून सरकतो, दोन खांबांमधून बाहेर पडतो. खांबांमध्ये अंतर असेल चार फूट.

बॅटरी बदलताना तो मला हिशेब सांगतो. कॅमेऱ्याने बघितलेलं गॉगलमध्ये पोचायला थोडा वेळ लागतो. त्याच्या जोडणीत, सगळं नीट असेल तर, साधारण ३० मिलिसेकंद. ताशी ३६ किलोमीटरने ड्रोन सेकंदाला १० मीटर जातो. म्हणजे चित्र दिसेपर्यंत तो ३० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. एवढं अंतर हाताला आधीच माहीत हवं. उशीर कमीजास्त होत राहिला, तर हात शिकतच नाहीत.

आणखी एक गोष्ट मला इथेच कळली. गिऱ्हाइकाला जे चित्र मिळतं ते ड्रोनमधल्या कार्डावर ४केमध्ये साठतं. गॉगलमधलं चित्र फक्त उडवणाऱ्यासाठी. गॉगल महाग घेतला म्हणून लग्नाचा व्हिडिओ सुधारत नाही.

सेल ३.५ व्होल्टला आला की उतरवायचं. लाल रबर.

१०.४०

नवरा-नवरी कपडे बदलायला गेली. झाडाखाली सतरंजी. पोरगा चष्मा काढून गॉगल्स २ चढवतो. २९० ग्रॅम वजन, दोन्ही डोळ्यांना १९२० बाय १०८० चं चित्र. खालच्या चकत्या फिरवून भिंगाचा नंबर अधिक २ पासून उणे ८ पर्यंत जुळवता येतो. पोरगा फिरवतो. परत फिरवतो.

“दादा, मधलं दिसतंय. कडेचं पुसट. अक्षरं दोन दोन.”

“भिंगं जवळ घे.”

“घेतली. पुढं सरकंनात.”

सडपातळ ॲनालॉग गॉगलमध्येही तेच. शिवाय त्यात नंबराची भिंगं वेगळी घ्यावी लागतात. मग खोकं. तो चष्म्यासकट तोंड आत घालतो. चित्र तेवढं रेखीव नाही, नाकावर भार येतो, कपाळाला घाम सुटतो. पण चारही कोपऱ्यांतली अक्षरं तो वाचून दाखवतो. पायलट काही बोलत नाही.

पोरगा गॉगल सतरंजीवर उताणा ठेवतो. पायलट झटकन उचलून पेटीत टाकतो. भिंगावर ऊन पडलं की ते पडद्यावर एका जागी गोळा होतं आणि पडदा जळतो. काही सेकंद पुरतात. जळालेला डाग जात नाही.

१२.३५

मुहूर्त. मांडवात पाय ठेवायला जागा नाही. ड्रोन पेटीत, बॅटरी काढलेली. नवरीच्या काकांनी दोनदा सांगितलं, अक्षता वरून घ्या. पायलट दोन्ही वेळा हात जोडतो. “काका, माणसांच्या डोक्यावरून नाही नेत. मोटर बंद पडली तर खाली कुणीतरी असतंच.” काका नाराज होतात.

२.१०

पंगतीत वांग्याची भाजी, मसालेभात, जिलेबी. नंतर लॉनची मागची बाजू रिकामी असते. पोरगा खोकं गॉगल लावून ॲनालॉगचा छोटा ड्रोन उडवतो. आता बघत उभं राहायचं काम पायलटचं. ड्रोन आचाऱ्यांच्या सिमेंटच्या खोलीमागे जातो.

“मुंग्या आल्या दादा!”

“मागं फिर. सावकाश.”

जुन्या टीव्हीवर यायच्या त्याच मुंग्या. ॲनालॉगचं चित्र हळूहळू बिघडतं, त्यामुळे फिरायला अवधी मिळतो. डिजिटलचं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, मग चौकोन फुटतात, मग गोठतं. शिकणाऱ्याला मुंग्या बऱ्या, असं पायलट म्हणतो.

परतताना ड्रोन खुर्चीच्या पाठीला घासतो. दोन प्रॉप, म्हणजे पंखे, तुटले. चारचा संच २५० रुपये. पायलट वहीत लिहितो. पोराच्या मजुरीतून कापत नाही.

४.४५

वरात झाली, पेटी भरली. वाईच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. पोराचा चष्मा इथलाच. पायलट दुकानदारांना म्हणतो, “याचा पीडी घ्या जरा.” पीडी म्हणजे दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर. दुकानदार कपाळाला पट्टी लावतात, एक डोळा मिटून बघतात, कागदावर लिहितात. ५४ मिलिमीटर. जुनं कार्ड काढतात. दोन्ही डोळ्यांना उणे तीनच्या पुढे, आणि सिलिंडरचा नंबरही आहे.

दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत.

सकाळचं पुसट चित्र आता उलगडतं. गॉगल्स २ ची भिंगं ५६ ते ७२ मिलिमीटरमध्ये सरकतात. पोराचे डोळे त्याहून जवळ. चकती फिरवून साधा नंबर जुळतो, सिलिंडरचा जुळत नाही. गॉगलमध्ये काही बिघाड नव्हता. तो याच्या डोळ्यांना बसत नव्हता, एवढंच.

६.१५

चहाच्या टपरीवरून पुण्याच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन. पोरगा अजूनही अडतो. चष्म्यावर चढणारा डिजिटल खोकं गॉगल निघालाय, डीजेआयचा एन ३. तो घेतला तर?

“बसंल तुला. पण उडवणार काय?” पायलट विचारतो. “माझा ॲनालॉग ड्रोन तुला देतोय. त्याच्याशी तो बोलणार नाही.”

ॲनालॉगमध्ये कुठल्याही कंपनीचा गॉगल कुठल्याही कंपनीच्या ट्रान्समीटरचं चित्र पकडतो, चॅनल जुळलं की झालं. डिजिटलमध्ये प्रत्येक कंपनीचा आपला कारभार. गॉगल ठरला की पुढचे ड्रोन, कॅमेरे, सुटे भाग सगळे ठरले. फोनमधल्या जाहिरातीत हे ठळक लिहिलेलं नसतं. लिहायला हवं, कारण साठवलेले पैसे एकदाच खर्च होतात.

दुकानदार ॲनालॉग खोक्याचा भाव सांगतो. आतच रेकॉर्डिंग होणारा, ८,५०० रुपये.

८.३०

खोलीवर. वापरलेल्या बॅटऱ्या सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायच्या. भरलेल्या किंवा रिकाम्या पडून राहिल्या तर फुगतात. पायलटच्या वहीत आजचं पान. फोटोवाल्याकडून ९,०००, महिनाअखेरीला. पोरगा ८००, रोख. पेट्रोल २००. प्रॉप २५०, म्हणजे अर्धा संच अजून हातात.

समोरच्या पानावर पोराचा हिशेब, पोराच्याच अक्षरात. गॉगल ८,५००. रिमोट ७,०००. सहा बॅटऱ्या, १,४०० ची एक, ८,४००. उरले ४,१००. रिमोट आला की तो फोटोवाल्याच्या संगणकाला जोडून रोज तासभर सिम्युलेटरवर बसायचं, ड्रोन महिनाभर पेटीतच. पायलटची ही अट पोराने मान्य केली. उरलेले ४,१०० प्रॉपसाठी बाजूला ठेवले. शिकताना सगळ्यात जास्त प्रॉपच मोडतात.