कोपी राहू द्या, जोतं बांधा

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या वरच्या अंगाला 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांनी ते पाणी खाली संगमनेर-श्रीरामपूरकडे गेलं, ऊस वाढला, 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे तालुकोतालुकी कारखाने झाले, अकोल्यात अगस्ती. आणि दर दिवाळीनंतर बीड-पाथर्डीकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येऊ लागल्या.

टोळीचं घर म्हणजे कोपी. बांबू वाकवून रोवायचे, वर चटया, पाचट, ताडपत्री. आत जाताना कमरेत वाकावं लागतं. चूल दाराशी, आणि सगळीकडे वाळलेलं पाचट; ठिणगी उडाली की संपलंच. अवकाळी पाऊस आला तर पाणी थेट अंथरुणात. अंघोळीला आडोसा नाही, म्हणून बाया तांबडं फुटायच्या आत उरकून घेतात, तेही उसात बिबट्या वावरणाऱ्या मुलखात.

तरीही कोपीला नावं ठेवू नयेत. ती काही तासांत उभी राहते, हंगाम संपून पट्टा पडला की सोडवून ट्रॅक्टरवर चढते. तिच्या जागी पत्र्याच्या खोल्या बांधल्या तर उन्हात भट्टी होते आणि उरलेले सहा महिने त्या ओस पडतात. कोपी तात्पुरती आहे, पण तळ दरसाल पडतो. मग पक्कं करायचं ते जमिनीलगतचं: हातभर उंच जोतं, भोवती चर, नळ, दिवा, कडी लागणारी न्हाणी-संडास, आणि कोप्यांपासून लांब सामाईक चुली. वरचा सांगाडा ज्याचा त्याने आणावा.

इमारत बांधकामाच्या मजुरांसाठी 1996 च्या कायद्याने मालकावर निवारा, स्वयंपाकाची जागा, न्हाणी, शौचालय देण्याची जबाबदारी टाकली होती. ऊसतोड त्यात बसत नव्हती. 1979 चा स्थलांतरित मजुरांचा कायदा परराज्यातून आलेल्यांपुरता होता. बीडहून नगरला आलेला कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, त्यातूनही सुटला.

बैलगाडीवाल्यांचा, म्हणजे गाडी सेंटरचा, तळ कारखान्यालगत असतो, तिथे जोतं घालणं सोपं. ट्रॅक्टरच्या टोळ्या गावोगाव फिरतात; त्यांना घडीची न्हाणी आणि सौरदिवा ट्रॉलीतूनच द्यावा लागेल, आणि हे मुकादमाच्या करारात लिहावं लागेल, नाहीतर त्याचे पैसे मजुरांच्या आगाऊ उचलीतून कापले जातील.

खुद्द राजूर पट्ट्यातली आदिवासी कुटुंबं भात निघालं की नारायणगावच्या मजूरबाजारात उतरतात. तिथे मालक रोज नवा, त्यामुळे पालांच्या जागेचं कुणाशी बोलायचं हा प्रश्नच. ते काम ग्रामपंचायतीने आणि बाजार समितीने मिळून अंगावर घ्यायला हवं. भाजीपाल्याची उलाढाल त्यांच्याच दारात होते.